गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला टेंटमध्ये मुक्काम: पाण्याची शिस्त चोख, शेगडीचं मात्र आधी विचारून घ्या

नाशिकचे लोक कॅम्पिंग म्हटलं की भंडारदऱ्याला नाहीतर थेट लोणावळ्याकडे पवनेला गाडी काढतात आणि आपल्या घरापासून पाऊण तासावर गंगापूर धरणाच्या मागच्या अंगाला काय आहे ते बघतच नाहीत, म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय. आम्ही डिसेंबरात गेलो होतो, आमचं घर आणि नणंदेचं घर मिळून, सोबत सासूबाई सासरे आणि तीन लहान मुलं. कॅम्पचं नाव इथे टाकत नाहीये, कारण एका गोष्टीवर मालकांशी माझं बोलणं झालंय आणि त्यांना ती सुधारायला वेळ द्यायचाय. पण बॅकवॉटरच्या कुठल्याही कॅम्पला जाणार असाल तरी यातलं बरंचसं कामाला येईल.

आधी निकाल सांगते, पाचपैकी चार. पाण्याच्या बाबतीत यांना पैकीच्या पैकी. एक स्टार कापला तो रात्रीच्या शेगडीसाठी, आणि त्याबद्दल खाली लांबलचक लिहिलंय, बाकी काही नाही वाचलंत तरी तेवढं नक्की वाचा.

रस्त्याचं फार सांगण्यासारखं नाही. गंगापूर रोडने सरळ बाहेर पडायचं, सोमेश्वर मागे टाकायचं, पुढे वायनरीवाल्यांची गर्दी लागते शनिवार रविवारची, ती पार केली की एकदम मोकळं. कॅम्पपर्यंतचा शेवटचा तुकडा कच्चा आहे, छोटी गाडी हळूहळू जाते. उजेडात पोचा एवढंच म्हणेन, कारण टेंट कुठे आहे, उतार कुठल्या बाजूला आहे, संडास बाथरूम कुठे, पाणी किती जवळ आहे हे सगळं एकदा डोळ्याखालून गेलं की रात्री चाचपडावं लागत नाही.

आता पाण्याचं. मला या कॅम्पमध्ये सगळ्यात काय आवडलं असेल तर गाडीतून उतरल्या उतरल्या चहाच्या आधी तिथल्या दादांनी आम्हा सगळ्यांना, अगदी सासऱ्यांना सुद्धा, काठावर नेऊन उभं केलं आणि सांगितलं की ही लाल दोरी आहे ना, हिच्या पलीकडे जॅकेट घातल्याशिवाय कोणी जायचं नाही, पाय बुडवायला सुद्धा नाही, आणि पोहायला तर जॅकेट घालून पण नाही. आमच्या नणंदेचे मिस्टर म्हणाले, मला पोहता येतं. त्यावर तो दादा शांतपणे म्हणाला, "साहेब, पोहता येणाऱ्यांनाच जास्त सांगावं लागतं. वरून तळं दिसतं, खाली शेतं आहेत, बांध आहेत, नदीचं जुनं पात्र आहे. एका पावलावर गुडघाभर आणि दुसऱ्या पावलावर माणूस बुडेल एवढं." मला हे फार पटलं. हे धरण १९६५ साली पूर्ण झालं, मातीचं धरण आहे, आणि पाणी साठलं ते गोदावरीच्या पात्रावर आणि आजूबाजूच्या जमिनीवर. स्विमिंग टँकसारखा सारखा उतार इथे नसतोच. बुडालेली झाडांची खोडं, जुन्या विहिरी, खड्डे, काहीही असू शकतं आणि पाणी गढूळ म्हणजे वरून काहीच कळत नाही. आपल्याकडच्या धरणांवर दरवर्षी पोरं बुडतात आणि बातमीत कायम हेच असतं, पाण्याचा अंदाज आला नाही. अंदाज येणारच नाही, मुद्दा तोच आहे.

कयाक आणि साधी होडी दोन्ही आहेत. सकाळी ऊन वर आल्यापासून संध्याकाळी उजेड असेपर्यंतच, त्यानंतर सगळं कुलपात. लाइफ जॅकेट चांगली होती, फाटकी, बकल तुटलेली अशी नव्हती, आणि देणारा मुलगा स्वतः बकल लावून पट्टे ओढून मग खांद्याला धरून जॅकेट वर खेचून बघत होता. ही टेस्ट लक्षात ठेवा, कुठेही बोटिंगला गेलात तर करा. खांद्याला धरून वर ओढल्यावर जॅकेट हनुवटीच्या वर, कानापर्यंत आलं तर ते मोठं आहे, पाण्यात पडल्यावर माणूस खालून निसटतो. लहान मुलांच्या जॅकेटला पायांच्या मधून जाणारा पट्टा असतो तो लावलाच पाहिजे, तो नसेल तर त्या जॅकेटचा उपयोग नाही. इथे तक्रार एकच, लहान साइजची जॅकेटं कमी आहेत. आमच्या धाकट्याला त्याच्या मापाचं मिळेपर्यंत बराच वेळ थांबावं लागलं आणि तो रडून रडून लाल झाला, पण जॅकेट देणाऱ्या मुलाने मोठं जॅकेट देऊन वेळ मारून नेली नाही हे मी त्याच्या बाजूने लिहिते. त्याच्यावर शेजारच्या एका पालकांनी आरडाओरडा केला तरी तो हलला नाही.

कयाकसाठी अजून एक त्यांनी सांगितलेलं. दुपारनंतर तिथे वारा सुटतो. वारा पाठीमागून असला की जाताना अगदी भारी वाटतं, वल्हं न मारता पुढे जातो आपण, आणि परत येताना मात्र हात गळून जातात. म्हणून आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं, दमलो की वळायचं, वारा आपोआप आणून सोडतो. काठावर एक जण शिट्टी घेऊन उभा असतो, त्याच्याजवळ दोर बांधलेली रिंग असते. कोणी गटांगळ्या खायला लागलं तर आपण उडी मारायची नाही, दोर फेकायचा, दोर नसेल तर ओढणी, काठी, रिकामा पाण्याचा मोठा कॅन, जे तरंगतं ते फेकायचं, हे त्याने मुलांना पण समजावून सांगितलं आणि मुलांनी मग संध्याकाळभर एकमेकांवर रिंग फेकायचा खेळ केला. चांगलंय, अशी सवय झाली पाहिजे.

आई लोकांसाठी खास लिहिते. बुडणारं माणूस सिनेमात ओरडतं तसं ओरडत नाही. तोंड पाण्याच्या रेषेवर येतं जातं, श्वास घ्यायलाच पुरत नाही तर ओरडणार कुठून, हात वर हलवून बोलावणं पण जमत नाही, आणि लहान मूल तर अगदी गुपचूप खाली जातं, दहा पावलांवर चार मोठी माणसं भजी खात बसलेली असतात तरी कळत नाही. आम्ही ठरवूनच गेलो होतो की मुलं काठाजवळ असली की एका मोठ्या माणसाने फक्त मुलांकडे बघायचं, मोबाइल खिशात, गप्पा नाहीत, आणि कंटाळा आला की तोंडाने सांगून दुसऱ्याकडे ड्युटी द्यायची. "सगळेच बघताहेत" म्हणजे कोणीच बघत नसतं.

गाळाचा विषय कोणी बोलत नाही म्हणून तोही सांगते. पावसाळ्यानंतर धरणातलं पाणी हळूहळू उतरत जातं, शहराला पिण्यासाठी, शेतीला आवर्तन, त्यामुळे काठ महिन्या महिन्याला मागे सरकतो आणि मागे राहतो तो चिकट काळा गाळ, वरून वाळलेला दिसतो, पापडासारखा तडकलेला, आणि पाय टाकला की आत पिंडरीपर्यंत. कॅम्पवाल्यांनी होडीत चढायला दगड मुरूम टाकून वाट केलीये, पण वाटेच्या दोन्ही बाजूला बोर्ड नाही की दोरी नाही. मुलं चेंडूमागे धावतात, चप्पल अडकते. पाय अडकलाच तर जोर लावून दुसरा पाय पुढे टाकायचा नाही, दोन्ही अडकतात. मागे बसकण मारायची, वजन पसरवायचं आणि पाय हळूहळू मोकळा करायचा. उन्हाळ्यात जाल तर हा गाळाचा पट्टा अजून मोठा असणार, तेव्हा डिसेंबर जानेवारीपेक्षा मार्च एप्रिलला जास्त काळजी.

रात्रीचा एक प्रसंग. आमच्या पलीकडच्या टेंटमधली चार पाच पोरं प्यायलेली होती आणि अकराच्या पुढे त्यांना पाण्यात जायची हुक्की आली. वॉचमन काका बॅटरी घेऊन लाल दोरीपाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "दादा, पाणी सकाळी पण इथंच आहे. आत्ता नाही." पोरांनी हुज्जत घातली, पैसे भरलेत म्हणाली, मग काकांनी मॅनेजरला फोन लावला आणि मॅनेजर खरोखर उठून आला. पोरं परत गेली. यासाठीच मी पैकीच्या पैकी दिलेत. कॅम्पच्या जाहिरातीत बार्बेक्यू, लाइव्ह म्युझिक, फेअरी लाइट सगळं असतं, पण रात्री पाण्यापाशी जागं कोण असतं हे कुठेच लिहिलेलं नसतं, आणि मी तर म्हणेन बुकिंग करताना पहिला प्रश्न हाच विचारा.

टेंटबद्दल. डोम टेंट आहेत, दोन कापडांचे, म्हणजे आतला आणि वरचा वेगळा, त्यामुळे पहाटे दव पडलं तरी आतलं कापड फार ओलं झालं नाही. खुंट्या नीट ठोकलेल्या, दोऱ्या ताणलेल्या, दोऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधल्यात म्हणजे अंधारात कोणी अडखळत नाही, छोटीशी गोष्ट पण कोणीतरी विचार केलाय. टेंट उंचवट्यावर आहेत, ओढ्याच्या वाटेत नाहीत. खाली गादी देतात, पण थंडी मुख्य येते ती जमिनीतून, वर दोन ब्लँकेट घेतली तरी खालून पाठ गार पडते. आम्ही घरून योगा मॅट नेल्या होत्या त्या गादीखाली घातल्या, खूप फरक पडला. नाशिकची थंडी तुम्हाला माहितीये, पारा दहाच्या खाली जातो आणि पाण्याच्या काठाला अजून गार लागतं. कानटोपी, मोजे, आणि झोपताना घालायला कोरडे वेगळे कपडे, दिवसभर पाण्यात खेळलेले दमट कपडे अंगावर ठेवून झोपायचं नाही.

आणि आता शेगडी. रात्री साडेदहाच्या सुमाराला कॅम्पमधला एक मुलगा, वयाने लहानच, मनाने चांगला, सासूबाईंना थंडी वाजतेय बघून म्हणाला, आजी, निखाऱ्याची शेगडी देतो टेंटमध्ये ठेवायला, चेन लावून घ्या, मस्त ऊब राहील. आणि खरंच घेऊन आला, लालभडक निखारे, धूर अजिबात नाही. मी हात जोडून परत पाठवली. त्याला वाटलं मला आग लागायची भीती वाटतेय. आगीची आहेच, टेंटचं कापड नायलॉन पॉलिस्टरचं, एक ठिणगी पुरते आणि ते जळताना वितळून अंगाला चिकटतं. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. बंद जागेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही, धूर दिसत नाही म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. तो रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, सुस्ती येते, आणि झोपलेल्या माणसाला तर यातलं काहीच कळत नाही, तो झोपेतून उठतच नाही. २०२० च्या जानेवारीत नेपाळमध्ये दमण इथे केरळचे ८ पर्यटक हॉटेलच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि सगळे गेले, त्यात लहान मुलं होती. उत्तरेकडून तर दर थंडीत अंगीठीच्या अशा बातम्या येतात. चेन थोडी उघडी ठेवली तर चालतं असं बरेच जण म्हणतात, नाही चालत. शेगडी, गॅस, स्टोव्ह, बार्बेक्यूचा विझत आलेला कोळसा, यातलं काहीही टेंटमध्ये नको आणि टेंटच्या दाराशी ओट्यासारख्या जागेतही नको, दहा मिनिटांसाठी सुद्धा नको. ऊब पाहिजे तर गरम पाण्याची रबरी पिशवी न्या, नाहीतर स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, घट्ट झाकण लावून, मोज्यात घालून पायाशी घ्या. सासूबाईंना आम्ही तेच केलं, मस्त झोपल्या.

मी तेव्हाच उठून मॅनेजरकडे गेले आणि विचारलं, अजून किती टेंटमध्ये दिलीये? दोन टेंटमध्ये दिलेली निघाली. त्याला माझं बोलणं आधी अतिशयोक्तीचं वाटलं, आम्ही नेहमी देतो म्हणाला, पण नवऱ्याने फोनवर बातम्या काढून दाखवल्यावर तो स्वतः जाऊन दोन्ही शेगड्या बाहेर घेऊन आला. सकाळी मालक आले होते, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, यापुढे फक्त बाहेर शेकोटीपाशी देऊ म्हणाले. करतील असं वाटतं. पण हे सगळं मुलाच्या चांगुलपणातून होतंय ना, गिऱ्हाइकाला थंडी वाजू नये म्हणून, आणि म्हणूनच मला जास्त काळजी वाटते, कारण अशा ठिकाणी कोणी नाही म्हणत नाही, उलट कौतुक करतात, टीप देतात. ज्या लोकांनी पाण्याची एवढी शिस्त लावलीये त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं.

शेकोटी मात्र नीट होती. टेंटपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, भोवती दगड, शेजारी वाळूच्या बादल्या, आणि झोपायच्या आधी पाणी ओतून, काठीने ढवळून, परत पाणी ओतून विझवली. राख नुसती झाकून ठेवली तर पहाटेच्या वाऱ्याने परत पेटते.

साप विंचू बिबट्या हा प्रश्न सगळे विचारतात. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप आहेत. थंडीत कमी दिसतात म्हणून नाहीत असं नाही. टेंटसाठी त्यातल्या त्यात मण्यार महत्त्वाची, ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दुखत नाही फारसं, त्यामुळे पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं असं सुरू होईपर्यंत पत्ता लागत नाही. उपाय साधा, टेंटची चेन कायम पूर्ण बंद, आत शिरल्यावर पण आणि बाहेर पडल्यावर पण, बूट आतल्या बाजूला ठेवायचे आणि सकाळी झटकून घालायचे, बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. चावलंच तर बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, माणसाला चालवायचं नाही, १०८ ला फोन किंवा स्वतःची गाडी आणि थेट जिल्हा रुग्णालय. मांत्रिक वगैरे करण्यात वेळ घालवू नका. बिबट्या तर आपल्याकडे शहरात शिरतो, तिथे तर मळे आणि ऊस आहे. कॅम्पला तारेचं कुंपण आणि रात्रभर लाइट आहेत, तरी लहान मुलाला अंधारात एकट्याने बाथरूमला पाठवू नका, आणि मटणाची हाडं टेंटच्या मागे फेकू नका, त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे तो येतो.

जेवण छान, साधं. चुलीवरची बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, पिठलं, ठेचा, नॉनव्हेजवाल्यांना गावठी चिकन. सकाळी मिसळ होती, नाशिककराला बाहेर मिसळ देणं हे धाडसच, पण चांगली होती. बाथरूम स्वच्छ, फक्त वाटेवरचा एक दिवा बंद होता. माणशी दीड हजाराच्या आसपास पडलं, जेवण नाश्ता धरून, मला वाजवी वाटलं. स्पीकर दहाला बंद केला, मागावं लागलं नाही.

स्पीकर बंद झाल्यावर खरी मजा सुरू झाली. पूर्वेला नाशिकचा उजेड आकाशात चढतो त्यामुळे तिकडचे तारे जरा फिके, पण मृग नक्षत्र वर आल्यावर एकदम स्पष्ट दिसलं, त्याच्या वर रोहिणी, कृत्तिका, आणि खाली व्याध झगझगीत. मुलांना मृगाच्या पोटातला बाण दाखवला, सासऱ्यांनी त्यांच्या लहानपणी शेतात पाणी भरताना नक्षत्रांवरून वेळ कशी ओळखायचे ते सांगितलं, मुलं मोबाइल विसरून ऐकत होती. उल्का बघायच्या असतील तर १३-१४ डिसेंबरची रात्र धरा, मिथुन राशीतून जेमिनिड्सचा वर्षाव असतो, चंद्र नसेल तर फार सुंदर दिसतो. सकाळी धुकं पाण्यावर, टिटव्यांचा आरडाओरडा, पाणकावळे पंख वाळवत बसलेले, खंड्या, वंचक, आणि लांबवर केशरी रंगाची चक्रवाकाची जोडी, हिवाळी पाहुणे. नुसत्या पक्ष्यांसाठीच जायचं असेल तर मात्र नांदूरमधमेश्वर गाठा, महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे ती, २०२० पासून.

एक विनंती सगळ्यांना. हे आपलं पिण्याचं पाणी आहे. नाशिकच्या नळाला मुख्यतः याच धरणातून पाणी येतं, आणि पावसाळ्यात इथून विसर्ग सोडला की गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं म्हणून आपण रामकुंडाकडे धावतो, तेच हे पाणी. तिथे मी लोकांना काठावर साबण लावून भांडी घासताना, डायपर झुडपात टाकताना बघितलंय. भांडी काठापासून लांब, कॅम्पच्या मोरीतच घासा, कचऱ्याची पिशवी गाडीत टाकून घरी आणा. तिथल्या मावशी दुसऱ्या दिवशी एकट्या सगळं वेचत होत्या.

बुकिंगसाठी, डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात छान, जानेवारी फेब्रुवारीत येताना रस्त्यात द्राक्षं पण मिळतात. एप्रिल मे आणि ऑक्टोबरात अवकाळी किंवा परतीचा पाऊस विजांसकट येतो, तेव्हा टेंट आणि झाड दोन्हीखाली थांबू नका, पाण्यातून लगेच बाहेर या आणि गाडीत काचा लावून बसा. भर पावसाळ्यात तिथे मुक्काम नकोच. फोन करताना चार गोष्टी विचारा, रात्री पाण्यापाशी कोण असतं, मुलांच्या मापाची जॅकेटं किती आहेत, गाळाच्या बाजूला दोरी लावलीये का, आणि टेंटमध्ये शेगडी देता का. शेवटच्याला "हो, देतो ना" असं उत्तर आलं तर त्यांना का नको ते दोन मिनिटं समजावून सांगा, आणि तरी ऐकत नसतील तर दुसरा कॅम्प बघा. आम्ही फेब्रुवारीत परत जातोय, मालकांनी बोर्ड आणि छोटी जॅकेटं आणलीत का ते बघून इथेच खाली लिहीन, आणि शेगड्या बाहेरच राहत असतील तर नाव पण टाकेन आणि पाचवा स्टार पण.